शीतलीचा उन्हाळा

परवापासून लू, उन्हाळ्यातला तो भाजून काढणारा वारा, चालायला लागली आणि तिच्याबरोबर माझा जुना रागही. दर वर्षी असंच होतं. होळीची राख उडून जाते, कडुनिंबाचा बारीक मोहोर पायऱ्यांवर सांडतो, गल्लीतून आंबटगोड फालसे विकणाऱ्याची आरोळी येते, आणि माझ्या छातीत काहीतरी तापायला लागतं. डॉक्टर म्हणतात, ब्लडप्रेशर. नात म्हणते, "आजी, आप ना, बहुत जल्दी भड़कती हो." मी म्हणते, जल्दी कुठली गं, मला भडकून जन्म लोटला.

यंदा निमित्त झालं ते आमच्या कॉलनीतल्या योगाच्या वर्गाचं. सकाळी गच्चीवर बायका जमतात. पल्लवी नावाची एक गोड मुलगी शिकवायला येते. परवा तिने शीतली घेतली. जीभ गोल करा, हवा आत ओढा, नाकाने सोडा. सगळं बरोबर सांगितलं तिने, काही चुकलं नाही. आणि मग हसून म्हणाली, "आंटीजी, अब साँस के साथ सारा गुस्सा बाहर. गुस्सा बीमारी है. छोड़ दीजिए."

मी चटई गुंडाळली आणि खाली निघून आले.

तिचा दोष नाही. तिला जे शिकवलं तेच ती सांगते. पण अशाच अर्थाचं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा परकर-पोलकं घालत होते, आणि ज्यांनी ते म्हटलं ते माझे वडील होते.

आम्ही तेव्हा इथेच ग्वाल्हेरला, जयेंद्रगंजमध्ये भाड्याने राहायचो, वरच्या मजल्यावर. नाना म्हणजे माझे वडील, आई, मी आणि आक्का. आक्का ही नानांची मोठी बहीण, माझी आत्या. तिने लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची हिंमत नव्हती. ती मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. मी त्याच शाळेत, तिच्याच वर्गात. घरी "सुमे" म्हणणारी आक्का शाळेच्या फाटकातून आत गेली की मला आडनावाने हाक मारायची, आणि चुकले तर इतरांपेक्षा दोन शब्द जास्तच ऐकवायची.

उन्हाळ्यात ते दगडी घर तापायचं आणि तापलेलंच राहायचं. किल्ल्याचा डोंगर दुपारी तव्यासारखा दिसे. पाखरूसुद्धा तिकडून उडत नसे. आई खिडक्यांना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, टट्ट्या लावून त्यांवर पाणी मारायची, की खोलीभर ओल्या मुळांचा वास. कैरीचं पन्हं, बेलाचं सरबत, सातूचं पीठ. लू लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवल्याशिवाय कोणी दुपारचं बाहेर पडत नसे. शाळा सकाळची, सरकारी दफ्तरंही सकाळची. बाराच्या आत जो तो आपापल्या दाराआड.

आणि त्याही आधी, उजाडताना, गच्चीवर नानांचा वर्ग.

नाना शिक्षणखात्याच्या दफ्तरात होते. पण जयेंद्रगंजमध्ये त्यांची ओळख होती ती प्राणायामाची. उन्हाळाभर आसपासचे दहा-पाच लोक पहाटे यायचे. त्यांत एक जाधव सुभेदार होते. रियासतीची फौज मोडल्यापासून घरी बसलेले. त्या पांढऱ्या झुपकेदार मिशांखालून जीभ बाहेर काढून ते डोळे मिटून बसले की मला हसू आवरत नसे. आक्का मला चिमटा काढायची आणि स्वतः पदर तोंडाला लावायची.

नाना सांगत ते अजून कानात आहे. ताठ बसा, पण अकडून नको. मांडी घालता येत नसेल तर पाटावर बसा, खुर्चीवर बसा. पाठ तेवढी सरळ हवी. पोट रिकामं हवं. खांदे खाली सोडा. आता जीभ ओठांबाहेर थोडीशी काढा आणि तिच्या दोन्ही कडा वर वळवा, पन्हळीसारखी. त्या पन्हळीतून हवा आत ओढा, सावकाश. जिभेवरून, टाळूवरून गार झुळूक आत गेलेली कळली पाहिजे. मग जीभ आत घ्या, तोंड मिटा, हनुवटी जरा खाली. क्षणभर थांबा, सहज जमेल तेवढंच. ओढाताण केलीत तर सगळं फुकट. आणि नाकाने सोडा. सोडताना घाई नको. घेतला त्याहून सावकाश सोडायचा. नवा माणूस असेल तर थोड्या वेळा करा आणि थांबा. गरगरलं तर सोडून द्या, साधा श्वास घ्या.

कोणी करायचं नाही तेही सांगत. दमेकऱ्याने नाही, छातीत कफ असेल त्याने नाही, उठता-बसता ज्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते त्याने नाही, आणि थंडीच्या दिवसांत कोणीच नाही. लू चालत असताना तर मुळीच नाही. "नाक धूळ अडवतं, जीभ अडवत नाही," ते म्हणत. "दुपारी शीतली करणारा माणूस थंडावा नाही, ग्वाल्हेरची धूळ खातो."

माझी जीभ वळायची नाही. आईचीही नाही. आरशासमोर उभी राहून मी बोटांनी कडा वळवून पाहायची, सोडलं की जीभ पुन्हा सपाट. नाना म्हणाले, "ते आपल्या हातात नसतं. काहींची जन्मतः वळते, काहींची नाही. तू सीत्कारी कर." ती सोपी. दातांवर दात हलकेच टेकवायचे, ओठ फाकवायचे, जिभेचं टोक दातांच्या मागे, आणि दातांच्या फटींतून 'सी' असा आवाज करत हवा आत घ्यायची. मग ओठ मिटून नाकाने बाहेर. गुण तोच. मला मात्र वाटे, आपल्याला खालच्या वर्गात बसवलं.

नाना कधी रागावत नसत. दूध उतू गेलं, कोणी उलटून बोललं, दफ्तरात अपमान झाला, तरी आवाज तोच. "काही गोष्ट नाही," हे त्यांचं पालुपद. पुण्याची आमची मावशी यायची तेव्हा हे ऐकून हसायची. म्हणायची, अहो, हे मराठी नाही, 'कोई बात नहीं'ला नऊवारी नेसवलंय. नाना त्यावरही म्हणायचे, काही गोष्ट नाही. लोक त्यांना देवमाणूस म्हणत. मीही तसंच समजत होते.

त्या वर्षी मध्यभारत संपणार होता.

मी जन्मले तेव्हा आमचं संस्थान होतं. पाटी-पेन्सिल हातात आली तोवर ते विलीन होऊन मध्यभारत झालं होतं; थंडीत राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात मंत्री आणि मोठी दफ्तरं उठून इंदूरला. नानांचं दफ्तर मात्र बारा महिने इथेच. आणि आता राज्यांची पुन्हा मांडामांड होणार, मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, असं ठरलं होतं. संध्याकाळी महाराज बाड्यावर, आमच्या मुख्य चौकात, याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. कोण भोपाळला जाणार, कोण उज्जैनला, कोणाला कुठल्या आडगावी फेकणार. "आता आपल्या लष्कर-ग्वाल्हेरला कुत्रं विचारणार नाही," जाधव सुभेदार म्हणत. टोपी बाजारातल्या एका दुकानदाराने नानांना हसत हसत विचारलं होतं, "बाबूजी, नई सरकार आ रही है, नई टोपी दिखाऊँ?" नाना हसले होते. मीही हसले होते. त्या हसण्याखाली काय होतं ते मला कळलं नव्हतं.

आजही मला राग येतो तो याचा, की कोणी कोणाला विचारलं नाही. नकाशावर रेघा ओढणाऱ्यांना माझ्या आक्काचा वर्ग दिसत नव्हता, ते मी समजू शकते. ज्याला दिसत होता, त्याचं काय?

चैत्र संपत आला होता. शाळेला सुट्टी लागायच्या आधीचा एक दिवस. नाना जेवायला बसले होते, आई वाढत होती, मी शेजारी. आक्काला शाळेत थांबवून घेतलं होतं म्हणून ती मागाहून आली. जिना चढून ती थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली, पायांत चपला तशाच. आक्काने असं आयुष्यात केलं नव्हतं.

"दत्तू, मराठीचे वर्ग बंद होतायत," ती म्हणाली. "जुलैपासून. सुमीचा वर्गसुद्धा. मॅट्रिकच्या वर्षाला या मुलींनी सगळे विषय हिंदीतून लिहायचे म्हणे. आणि मला पार लांब श्योपुरकडे कुठेतरी पाठवतायत."

नानांनी घास गिळला. पाणी प्यायले. म्हणाले, "हो. मला माहीत होतं."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली.

"कधीपासून?" आक्काने विचारलं.

"होळीच्या आधीपासून. साहेब माझ्यासमोरच बोलले होते."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? तुला राग आला असता."

इतक्या वर्षांत मी कितीतरी वाईट वाक्यं ऐकली. शिव्या ऐकल्या, टोमणे ऐकले. पण इतकं मऊ आणि इतकं वाईट वाक्य दुसरं ऐकलं नाही. तुला राग आला असता! जणू तिचा वर्ग जाणं ही अडचण नव्हती, तिचा राग ही अडचण होती.

"अहो, सख्खी बहीण आहे ती तुमची," आई म्हणाली. आई सहसा बोलत नसे.

"म्हणूनच सांगतोय," नाना म्हणाले. "भोपाळला कोणाला घ्यायचं, कोणाला इथे ठेवायचं, कोणाला घरी बसवायचं, सगळं आत्ता ठरतंय. आपल्या घरातून कोणी आरडाओरडा केला तर पहिली खुर्ची माझी जाईल. आक्का, तू आत्ता काही बोलू नकोस. टट्टी लावलेली ती आतली गार खोली आहे ना, तिथे जरा बस. शीतली कर. राग उतरला की बोलू."

आक्काचा चेहरा लाल झाला होता. ओठ हलले, पण आवाज फुटेना. घशातून काहीतरी चिरकं आलं आणि डोळे भरले. ती माठाजवळ गेली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "जेव तू."

दुसऱ्या दिवसापासून ती नानांच्या वर्गात बसली नाही. पहाटे ती गच्चीवर यायची, पण पाण्याच्या टाकीपलीकडे, त्या सगळ्यांकडे पाठ करून. मी तिच्याजवळ जाऊन बसायची. तिकडे नानांचा संथ आवाज, "सावकाश सोडा, सावकाश," आणि इकडे आक्का, जीभ पन्हळीसारखी वळवून, डोळे सताड उघडे ठेवून किल्ल्याकडे बघत श्वास घेतेय.

एकदा मी विचारलं, "आक्का, राग गेला का गं?"

"का जाईल? त्याला घालवायला मी बसलेय होय?"

"मग कशाला करतेस?"

तिने घेतलेला श्वास पुरता सोडला. मग म्हणाली, "सुमे, मला राग आला की माझा आवाज फाटतो. हात कापतात. डोळ्यांत पाणी येतं. मग समोरचा म्हणतो, बाई रडून राहिलीये, पाणी द्या हिला. माझं म्हणणं राहिलं बाजूला, माझं रडणंच तेवढं दिसतं. त्या दिवशी दत्तूसमोर तेच झालं. मला रडायचं नाहीये. बोलायचंय. अख्खं बोलणं, शेवटच्या शब्दापर्यंत. त्याला दम लागतो."

आणि तिने मला तिचा धडा दिला. नानांनी शिकवलेलंच, पण वेगळ्या कामासाठी. श्वास सोडताना मनात एक वाक्य म्हणायचं, जे तुला उद्या बोलायचंय ते. वाक्य संपायच्या आत श्वास संपला तर तू अजून तयार नाहीस. पुन्हा घे. मी तिच्या शेजारी दात टेकवून 'सी' करायची आणि सोडताना मनात म्हणायची, आम्ही भूमिती मराठीत शिकलो. आम्ही भूमिती मराठीत शिकलो. पहिल्या पहिल्यांदा 'मराठीत'पर्यंतच पोचायची.

वैशाखातल्या एका सकाळी ती टांगा करून शिक्षणखात्याच्या दफ्तरात निघाली. मी हट्ट धरला. आईने अडवलं, पण आक्का म्हणाली, "येऊ दे. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांतली एक तरी समोर दिसू दे." बाड्यावरून गेलो तेव्हा दुकानं नुकती उघडत होती, भिश्ती सडकेवर पाणी मारत होता, आणि सकाळची वेळ असूनही टांग्याची दांडी हाताला चटका देत होती.

दफ्तराच्या व्हरांड्यात खसाचे पडदे सोडलेले. शिपायाने बाकावर बसवलं. साहेब कामात आहेत. आम्ही बसून राहिलो. लोक येत होते, जात होते. एका दारातून नाना बाहेर आले. हातात फायली. त्यांनी आम्हाला पाहिलं. मी उठून उभी राहिले, हाक मारायला तोंडही उघडलं. नानांनी नजर फायलींवर नेली आणि आमच्यासमोरून पुढे निघून गेले. चाल तीच, शांत, संथ. त्यांच्या धोतराचा सोगा माझ्या परकराला लागून गेला.

आजही लू चालली की मला तो सोगा आठवतो आणि कानशिलं तापतात.

मी आक्काकडे पाहिलं. तिचे हात कापत होते. ती बाकावर सरळ झाली, पदर नीट केला, आणि त्या भर व्हरांड्यात, पाच-पंचवीस परक्या पुरुषांसमोर, जीभ बाहेर काढून वळवली आणि ओल्या खसाची गार हवा आत ओढली. तोंड मिटलं. सावकाश सोडली. पुन्हा. कारकून थबकून बघायला लागले. शिपाई जवळ आला. "बहनजी, तबीयत ठीक है?"

"ठीक कर रही हूँ, भैया," आक्का म्हणाली, आणि पुन्हा जीभ वळवली.

साहेब काही राक्षस नव्हते. थकलेला, घामेजलेला माणूस, टेबलावर कागदांचा ढीग. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. "बाईजी, यह ऊपर का निर्णय है. अब सब जगह हिंदी चलेगी. आपको हिंदी से क्या विरोध है?"

"कोई विरोध नहीं," आक्का म्हणाली. तिची हिंदी साहेबांपेक्षा स्वच्छ होती. "हिंदी मेरी भी है. मैं इसी शहर में पैदा हुई हूँ. अगले साल से पहली कक्षा को हिंदी में पढ़ाइए, मैं ख़ुद पढ़ाऊँगी. मैं इन लड़कियों की बात करने आई हूँ, जो मैट्रिक के दरवाज़े पर खड़ी हैं."

"थोड़ी मेहनत कर लेंगी."

"मेहनत वे कर लेंगी, साहब. उनके घरवाले नहीं करने देंगे. इस वर्ग की आधी लड़कियों के घर में रोज़ यही बात चलती है कि बहुत पढ़ लिया, अब ब्याह करो. वे बहाना ढूँढ़ रहे हैं. बहाना आप दे रहे हैं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "देखिए, आप गुस्से में हैं. पहले पानी पी लीजिए."

त्यांनी घंटीकडे हात नेला. मला वाटलं, झालं. आता आवाज फाटणार. पण आक्काने नाकाने श्वास सोडला. मला शेजारी बसून ऐकू आला.

"जी हाँ, गुस्से में हूँ," ती म्हणाली. आवाज इतका सपाट की टेबलावर ठेवावा. "पानी बाद में पिऊँगी. पहले बात पूरी करूँगी."

आणि तिने पूर्ण केली. वर्गातल्या एकेका मुलीचं नाव घेऊन सांगितलं, कोणाचे वडील काय करतात, कोणाचं लग्न कोणाशी ठरवायचं चाललंय, कोण गणितात पहिली येते. साहेबांनी दोनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही, आवाजही चढवला नाही. मधेच माझ्याकडे बोट करून म्हणाली, "यह इसी दफ़्तर के एक बाबू की बेटी है. वे आपसे कुछ नहीं कहेंगे. इसलिए मैं कह रही हूँ." सगळं झाल्यावर तिने पाणी मागितलं आणि शांतपणे पेला रिकामा केला.

बाहेर आलो तेव्हा लू सुरू झाली होती. टांग्यात बसल्यावर तिचे हात कापायला लागले, दात वाजायला लागले. इतक्या उन्हात! मी तिचे हात धरून बसले. घर येईपर्यंत ती रडली, मोठ्याने, टांगेवाल्याची पर्वा न करता.

हुकूम आला तो सुट्टी संपता संपता. वरच्या दोन वर्गांतल्या मुलींना मराठीतून मॅट्रिक पूर्ण करू द्यावं. नव्या मुली घेऊ नयेत. आक्काची बदली मात्र कायम. वर्ग तिने मागितला होता, तेवढा दिला. स्वतःसाठी तिने काही मागितलंच नव्हतं, आणि न मागता देण्याइतकं कोणाचं मन मोठं नव्हतं.

नानांनी ही बातमी घरी आणली तेव्हा ते चक्क खूश होते. "बघितलंस, आक्का? शांतपणे बोललीस म्हणून काम झालं. शीतलीचा गुण. मी सांगतच होतो."

आईने हातातलं पातेलं इतक्या जोरात ठेवलं की त्याला पोचा पडला. आक्का ट्रंक भरत राहिली.

श्योपुरची ती छोटी गाडी तुम्ही पाहिली असेल तर ठाऊक असेल. खेळण्यातली वाटावी इतकी लहान, आणि चाल बैलाची. नाना ट्रंक घेऊन स्टेशनवर आले. सुभेदारही आले होते, मिशा पुसत. गाडी सुटायच्या बेताला आली तेव्हा नाना खिडकीशी गेले आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "जपून राहा. तिकडे कोणाशी वाद घालू नकोस. मन शांत ठेव."

आक्काने खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं. "मी शांतच आहे, दत्तू," ती म्हणाली. "तू घाबरलेला आहेस. लोकांना दोन्ही एकसारखं दिसतं, म्हणून तुझं निभतंय."

गाडी हलली. नाना हात वर करून तसेच उभे. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. सुभेदारांबरोबर मी घरी आले.

थंडीच्या तोंडाला मध्यप्रदेश झाला. नाना भोपाळला गेले; खुर्ची राहिली त्यांची. माझी परीक्षा होईपर्यंत आई आणि मी इथेच. पुढेही ते आयुष्यभर तसेच होते, हसरे, सौम्य, पहाटे उठून श्वास मोजणारे. त्यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. ते गेले तेव्हा लोक म्हणाले, किती शांत मरण. मी मान हलवली. त्यांची भीती मला कळत नाही असं नाही. तीन सरकारं एका खुर्चीत बसून बघितली होती त्यांनी. फौज मोडताना बघितली, मोठमोठ्या पगड्या उतरताना बघितल्या. घाबरायला कारण होतं. पण घाबरलो म्हणायचं होतं ना! भीतीला योग म्हणून मिरवलं, आणि वर तोच योग बहिणीच्या तोंडावर बोळ्यासारखा दाबला, हे मी माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.

आक्का त्या कसब्यातच राहिली. हिंदीतून शिकवत राहिली, निवृत्त होईपर्यंत. परत येण्यासाठी खटपट का करत नाहीस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "इथे मला कोणी 'शांत हो' म्हणत नाही गं. फार बरं वाटतं."

काल पल्लवी घरी आली. आंटी नाराज झाल्या म्हणून बिचारी विचारपूस करायला. मी तिला पन्हं दिलं आणि हे सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "मतलब आंटी, गुस्सा छोड़ना नहीं है?"

"जो खोटा असेल तो सुटेलच," मी म्हटलं. "भाजीवाल्यावरचा, सुनेवरचा, उन्हावरचा. दोन श्वासांत जातो तो. जो शिल्लक राहतो, त्याच्याकडे बघायचं, तो कोणावर आहे, कशासाठी आहे. आणि मग आवाज न फाटता तो त्या माणसाच्या तोंडावर सांगून यायचं. वर्गात एवढं सांगत जा."

ती म्हणाली, सांगेन. सांगेल की नाही कोण जाणे. मग तिने विचारलं, "और आपका एग्ज़ाम?"

मग तेही सांगितलं. मॅट्रिकला आमचं केंद्र दुसऱ्याच शाळेत आलं होतं. मराठीतून लिहिणाऱ्या आम्हा मूठभर मुलींना शेवटच्या रांगेत बसवलं होतं. ऊन चढायला लागलं होतं. पर्यवेक्षक उत्तरपत्रिका वाटत आमच्यापर्यंत आले आणि पलीकडच्या मास्तरांना हसून म्हणाले, "यह मराठी वाली आख़िरी खेप है. इसके बाद छुट्टी."

खेप. बैलगाडीतून पोती यावीत तशा आम्ही.

माझ्या हातातला टाक कापायला लागला. डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या ओळीवर शाईचा थेंब पडला. मी टाक खाली ठेवला, पाठ सरळ केली, दातांवर दात टेकवले आणि हवा आत ओढली. आवाज झाला.

पर्यवेक्षक वळले. "क्या आवाज़ निकाल रही हो?"

मी तोंड मिटलं. नाकाने श्वास पुरता सोडला, अगदी सावकाश. ते माझ्यासमोर उभे. मग म्हटलं, "साँस ले रही हूँ, सर. अब लिखूँगी."

आणि लिहिलं. निबंध लिहिला, अर्थ लिहिले, व्याकरण लिहिलं, ठसठशीत अक्षरात, एकही ओळ न सोडता. पानं संपली तशी हात वर करून पुरवणी मागितली. ते माझ्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत आले, पुरवणी देऊन परत जाऊन खुर्चीवर टेकले. मी पुन्हा हात वर केला. घंटा होईपर्यंत मी त्या माणसाला बसू दिलं नाही.